मातीच्या घरांकडे, ज्येष्ठांसह



दिवाळी आटोपते, धानाची कापणी मार्गी लागते आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागात एका दिवसाच्या सहलींचे बेत आखले जाऊ लागतात. याच दिवसांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : “डॉक्टर, बाबांना सोबत नेले तर चालेल का?” प्रश्न विचारणारा मुलगा असतो, सून असते, कधी नात असते. ज्यांच्याविषयी विचारले जाते ते बाबा समोरच्याच खुर्चीवर बसलेले असतात आणि उत्तर माझ्याकडून ऐकायला उत्सुक असतात. त्यांना जायचे आहे का, हे मात्र बहुधा कोणीच विचारलेले नसते.

या प्रश्नाचे उत्तर एका विशिष्ट सहलीच्या निमित्ताने द्यावे असे योजले आहे. ही सहल धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावची. चंद्रपूरहून मूल, सावली आणि वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर, आणि तेथून धानोरा रस्त्याने आणखी सुमारे ३० किलोमीटर. वाटेतच चातगावजवळ शोधग्राम लागते. गेल्या हिवाळ्यात आमच्या वसाहतीतील ज्येष्ठांच्या मंडळाने ही सहल काढली, तेव्हा वैद्यकीय सोबत म्हणून मीही गेलो होतो.

चीनच्या फुजियान प्रांतातील हक्का समाजाची मातीची घरे तुम्ही चित्रांत पाहिली असतील. किल्ल्यासारखी गोल किंवा चौकोनी, कुटून घट्ट केलेल्या मातीच्या जाड भिंतींची, कित्येक मजल्यांची ती घरे. एकाच कुळातील डझनावारी कुटुंबे एका छताखाली राहत आणि मधला चौक सर्वांचा असे. अशा ४६ वास्तूंना २००८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मेंढ्यात असे एकच प्रचंड घर नाही. येथे प्रत्येक कुटुंबाचे घर वेगळे आहे, परंतु त्या सर्वांच्या मालकीचे एक सामायिक घर आहे. त्याला गोटूल म्हणतात.

गोटूलविषयी बाहेरच्या जगात कुतूहल फार आणि माहिती थोडी. व्हेरियर एल्विन यांनी बस्तरमधील मुरिया गोटुलांवर १९४७ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर अनेकांनी त्यातला सोयीचा भाग तेवढा लक्षात ठेवला. ते चवचाल कुतूहल कृपया घरीच ठेवून निघा. गोटूल म्हणजे गावातील तरुणांनी एकत्र जमण्याची, गाणी-नाच शिकण्याची, थोरांकडून गावाची रीत समजून घेण्याची जागा. मेंढ्याच्या लोकांनी आपले गोटूल पुन्हा उभारले तेव्हा त्यासाठी वापरलेल्या लाकडावरून वनखात्याने ते पाडले, आणि गावाने ते परत बांधले. आपल्या बैठकीच्या जागेसाठी एवढा हट्ट धरणारे हेच गाव पुढे देशभर ओळखले गेले. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

या गावातील एक पद्धत आम्हां डॉक्टरांनी आणि तुम्हां काळजीवाहकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा लांबते, पण त्याला वगळून पुढे जात नाहीत. आमच्यासोबत फिरणाऱ्या गावातल्या तरुण वाटाड्याने हे सांगितले, तेव्हा आमच्यातील एक निवृत्त मुख्याध्यापक मोठ्याने म्हणाले, “आमच्या घरी मी कुठल्या खोलीत झोपायचे हेसुद्धा मला नंतर कळले.” सगळे हसले. त्यांचा मुलगाही हसला, पण जरा उशिरा.

तेव्हा सहलीची पहिली तयारी म्हणजे ज्येष्ठांना स्वतंत्रपणे, सावकाश, समोर बसून विचारणे. कमी ऐकू येत असेल तर यंत्र लावून विचारावे. “तुम्हाला झेपणार नाही” हे वाक्य वैद्यकीय निदानासारखे वापरले जाते. पुष्कळदा ते निदान नसते. ती घरातल्यांच्या धास्तीची किंवा गैरसोयीची भाषा असते. धास्ती समजण्यासारखी आहे, परंतु तिचाही हिशेब करावा लागतो. एकटेपणा हा केवळ मनाचा विषय राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सामाजिक नात्यांच्या प्रश्नावर स्वतंत्र आयोग नेमला, तो त्याचे परिणाम हृदयापासून स्मरणशक्तीपर्यंत पोहोचतात म्हणूनच.

अर्थात काही जणांना मी स्पष्ट नाही म्हणतो. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, बसल्या जागी छातीत दुखते किंवा दम लागतो, पायांवरची सूज वाढते आहे, ताप आहे, साखर वारंवार खाली जाते, गेल्या काही आठवड्यांत दोन-तीनदा पडले आहेत, अशांनी आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे, सहल पुढच्या महिन्यात करावी. बाकीच्यांसाठी माझी कसोटी साधी आहे. खुर्चीतून फारसा आधार न घेता उठता येते का आणि अंगणात शंभर पावले न थांबता चालता येतात का? येत असतील तर निघा. येत नसतील तरीही काठी, चाकांची खुर्ची आणि एक दणकट नातू यांच्या बळावर पुष्कळ काही जमते.

हवामानाचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. आमचा उन्हाळा किती कठोर असतो हे येथील वाचकांना सांगायला नको. थंडीत मात्र पहाटे निघण्याचा उत्साह टाळावा. दम्याच्या रुग्णांना धुके आणि गार वारा बाधतो. सातच्या सुमारास निघून दहापर्यंत पोहोचावे आणि दुपारी तीनला परत फिरावे. हे गणित विशेषतः स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी आहे. संध्याकाळ झाली आणि जागा अनोळखी असली की त्यांचा गोंधळ वाढतो, जीव घाबरा होतो. अंधार पडण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या खोलीत ते पोहोचलेले बरे.

प्रवासात लघवी लागेल म्हणून पाणी न पिणे ही ज्येष्ठांची, विशेषतः स्त्रियांची, जुनी सवय. त्यातून चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, बद्धकोष्ठता तर ठरलेलीच. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका. त्या दिवशी वेळ बदलता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारा. मूल आणि गडचिरोली येथे थांबायचेच, असे चालकाला निघतानाच सांगून ठेवावे. मधुमेहींनी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, तर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. डबा बरोबर असावा, खिशात साखरेची पुडी असावी, आणि इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

आता प्रत्यक्ष घरांकडे येऊ. मातीची भिंत हळू तापते, हळू निवते. म्हणून दुपारी आत शिरताच अंगाला जाणवावा असा गारवा असतो. पण लख्ख उन्हातून त्या सावलीत शिरताना म्हाताऱ्या डोळ्यांना, त्यातून मोतीबिंदू असेल तर अधिकच, क्षणभर काहीच दिसत नाही. त्यात दार ठेंगणे आणि उंबरठा उंच. डोके वाचवावे तर पाय अडखळतो. यावर उपाय एवढाच की दाराशी थांबावे, सावकाश वीस अंक मोजावेत, चौकटीला हात लावावा, मग पाऊल टाकावे. ताजे सारवण ओले असेल तर ते घसरडे असते, वाळू द्यावे. चपला बाहेर काढायच्या असतात. ज्या मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी अनवाणी जाऊ नये. आत घालण्यासाठी स्वच्छ, न घसरणारे मोजे वेगळे ठेवावेत आणि यजमानांना कारण सांगावे. कारण सांगितले की कोणी वाईट मानत नाही.

जमिनीवर बसण्याचा मोह मोठा असतो आणि उठण्याचा प्रसंग बिकट. घडीचे स्टूल सोबत असावे. बसून उठताना रक्तदाब झपकन उतरतो, तेव्हा उठण्यापूर्वी पावले दहा-बारा वेळा वरखाली हलवावीत, उठल्यावर क्षणभर खांब धरावा, मगच चालावे. चुलीच्या धुरापासून दमेकऱ्यांनी दूर बसावे. मोहाची दारू कोणी प्रेमाने पुढे केली तर हात जोडावेत. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांशी तिचे जमत नाही.

आमच्यासोबत सत्तरी कधीच ओलांडलेल्या एक आजी होत्या. पतीच्या निधनानंतर त्यांचे बोलणे “हो”, “नको” आणि “बरं” एवढ्यावर आले होते. औषध चालू होते, थोडा गुणही होता. मेंढ्यात एका घरी त्या ओसरीवर बसल्या, भुईवरून तळहात फिरवला आणि घरच्या म्हातारीला विचारले की सारवणात शेण किती घालता. म्हातारी गोंडी बोलणारी, मराठी तिची जेमतेम. आजींची मूळची बोली झाडीची. पण त्या दोघींनी सारवण, पोतेरा, पांढरी माती आणि पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल यांवर तब्बल पाऊण तास काढला. सून शेजारी उभी राहून ऐकत होती. सासूच्या माहेरचे घर मातीचे होते, हेही तिला तेव्हाच समजले. एका सहलीने नैराश्य बरे होत नाही आणि त्यांच्या गोळ्या मी बंद केलेल्या नाहीत. तपासणीला आल्या की आता त्या आपल्या तक्रारी स्वतः सांगतात, एवढे मात्र खरे.

परतीच्या वाटेवर शोधग्राम येथे थांबता आले तर पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथे दंतेश्वरी दवाखाना उभारला तो आदिवासींनाच विचारून. मोठ्या इमारतीची भीती वाटते, आणि नातलगांना रुग्णापासून दूर ठेवतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून गावातल्यासारख्या कुटीवजा खोल्या बांधल्या आणि घरची माणसे रुग्णाजवळ राहू शकतील अशी सोय केली. ज्येष्ठांना रुग्णालयात ठेवण्याची वेळ येते, तेव्हा भेटीची वेळ संपली म्हणून घरच्यांना बाहेर काढणाऱ्या आम्हां शहरी डॉक्टरांनी तरी ते बघण्यासारखे आहे.

दोन्ही ठिकाणी आधी कळवून, होकार मिळाल्यावरच जावे. मेंढा हे लोकांचे राहते गाव आहे. घरात डोकावण्यापूर्वी आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, तेथील वाटाड्याशिवाय फिरू नये. मोबाइलची रेंज सर्वत्र मिळेलच असे नाही. औषधांची यादी, रक्तगट आणि घरचा क्रमांक कागदावर लिहून ज्येष्ठांच्या खिशात ठेवावा. गरज पडल्यास धानोऱ्याला ग्रामीण रुग्णालय आणि गडचिरोलीला जिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८.

शेवटची सूचना घरी परतल्यानंतरची. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास प्रतिबंधक मलम वापरले तरी गडचिरोलीचे जंगल हा हिवतापाचा प्रदेश आहे. रात्री झोपण्यापूर्वी तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासून पाहाव्यात. पुढच्या महिन्याभरात ताप आला, थंडी वाजली किंवा वृद्धांच्या बाबतीत ताप नसतानाही अचानक सुस्ती आणि असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, आणि आपण कोठे जाऊन आलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.