केंद्राबाहेरचा अर्धा तास

प्रवेश परीक्षेचे केंद्र सुटले की फाटकाबाहेर मुलांचे घोळके उभे राहतात. ‘गणिताला वेळच पुरला नाही’, ‘रसायन सोपे होते’, ‘त्या प्रश्नाचे चारही पर्याय चूकच होते ना?’ अशी वाक्ये इकडून तिकडे जात असतात. पालकांना ही बडबड निरर्थक वाटते. झालेल्या परीक्षेचे चर्वितचर्वण कशाला, असे शिक्षकही म्हणतात. वस्तुतः त्या अर्ध्या तासात परीक्षेचीच परीक्षा होत असते. ती घेणारे बहुतेक शहरातले असतात, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे सह्याद्रीच्या माथ्याजवळचे, रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांच्या हद्दीलगतचे गाव. अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्या तेथील मुलाला लोणेरे काही परके नाही. तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि ते त्याच्याच जिल्ह्यात, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. परंतु त्या दारातून आत जाण्यापूर्वी त्याला घाट उतरून पोलादपूर गाठावे लागते आणि संगणकाची सोय असलेले केंद्र ज्या गावी मिळाले असेल तेथवर जावे लागते. परीक्षा संपते तेव्हा त्याचे लक्ष घोळक्याकडे नसते, परतीच्या गाडीकडे असते. शेवटची एस. टी. चुकली तर मुक्काम कोठे करायचा, हा प्रश्न गणितातल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा त्याला अवघड असतो. रात्री घरी पोहोचल्यावर तो मुंबईतल्या चुलतभावाला फोन करून विचारतो, ‘तुला कसा गेला?’ चुलतभावाची परीक्षा दुसऱ्या दिवशीची, दुसऱ्या सत्रातली, आणि प्रश्नपत्रिकाही निराळी. मग तुलना कशाशी करायची?

हा पेच २०१९ पासूनचा आहे. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा त्या वर्षी संगणकावर गेली. तत्पूर्वी ती कागदावर, सर्वांची एकाच दिवशी होत असे. आता ती अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते. सत्रागणिक प्रश्न बदलतात, म्हणून निकाल गुणांत न देता पर्सेंटाईलमध्ये देतात. तुमच्या सत्रात बसलेल्या दर शंभरांपैकी किती जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दोनशेपैकी एकाला १३० आणि दुसऱ्या सत्रातल्या दुसऱ्याला ११५ मिळूनही दोघांचे पर्सेंटाईल सारखेच येऊ शकते. सत्रांची वाटणी सरमिसळ झालेली असेल, म्हणजे प्रत्येक सत्रात हुशार आणि सामान्य मुलांचे प्रमाण जवळजवळ सारखे असेल, तर ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. तिच्यावर उठसूट संशय घेण्याचे कारण नाही.

तिच्यामुळे ‘पेपर कसा गेला’ या प्रश्नाचा अर्थ मात्र पालटला. केन्सने १९३६ साली शेअरबाजाराची तुलना वर्तमानपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेशी केली होती. त्या स्पर्धेत स्वतःला कोणता चेहरा आवडतो याला महत्त्व नसते, बहुसंख्यांना कोणता आवडेल हे ओळखणाऱ्याला बक्षीस मिळते. पर्सेंटाईलचेही तसेच झाले आहे. स्वतःला पेपर सोपा गेला हे कळून भागत नाही, आपल्या सत्रातल्या इतरांना तो कसा गेला हे कळावे लागते. शहरातल्या खाजगी शिकवणी वर्गांजवळ हे ज्ञान आपोआप जमते. त्यांची मुले निरनिराळ्या सत्रांत बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या आठवणीतले प्रश्न जुळवून वर्गाला अंदाज बांधता येतो. माहितीला किंमत असते, ती अशी. कुडपणच्या मुलापाशी असतो फक्त स्वतःचा अनुभव.

अंदाज चुकला तर निकालापर्यंत थोडी हुरहूर लागेल, त्याने फारसे बिघडत नाही. प्रश्नपत्रिकाच चुकली तर बिघडते. २७ एप्रिल २०२५ रोजी सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते. विद्यार्थी आणि पालकांनी ओरड केली, चूक मान्य झाली आणि ५ मे रोजी त्या सत्रातील सुमारे २७ हजार ८०० परीक्षार्थींसाठी फेरपरीक्षा ठेवावी लागली. एकवीस प्रश्नांची चूक लपणे शक्य नव्हते. एखाद-दुसऱ्या प्रश्नाची लपू शकते. उत्तर पर्यायांत नाही असे दिसल्यावर एकटा मुलगा प्रश्नकर्त्याला दोष देत नाही, स्वतःला देतो. ‘माझेच काहीतरी चुकले असेल’ असे म्हणून तो पुढच्या प्रश्नाकडे वळतो. दुसऱ्या दोघांनाही तेच दिसले हे त्याला कळले, तरच त्याच्या शंकेची तक्रार होते.

‘नीट’ची गोष्ट या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तेथे प्रश्नपत्रिका एकच असते आणि ती मुलांना घरी नेता येते. २०२४ च्या परीक्षेत भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरण्यात आली होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, दिल्लीच्या आय. आय. टी.च्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरविले, आणि या व अन्य दुरुस्त्यांनंतर पैकीच्या पैकी गुण मिळविणारे ६७ चे १७ झाले. पेपरफुटीचे प्रकरण वेगळे, त्याचे समर्थन कोणीच करणार नाही. परंतु प्रश्न सर्वांच्या हाती होता म्हणून वाद मुद्द्यावर होऊ शकला, हेही तितकेच खरे.

राज्याच्या परीक्षेत उमेदवाराला स्वतःची प्रश्नपत्रिका आणि उत्तरे नंतर संगणकावर पाहता येतात, आक्षेपही घेता येतो. २०२५ साली एका प्रश्नावरील आक्षेपाचे शुल्क १,००० रुपये होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे तीन दिवसांहून अधिक मजुरी खर्चून, आपण बरोबर असल्याची खात्री देणारे कोणी जवळ नसताना, डोंगरातल्या मुलाने तज्ज्ञांच्या उत्तरावर बोट ठेवावे अशी ही अपेक्षा आहे. फुटकळ आक्षेपांचा पूर येऊ नये म्हणून शुल्क हवे, हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण शुल्काने फुटकळ आक्षेपच गाळले जातात, गरीब आक्षेप गाळले जात नाहीत, असे कोणता अर्थशास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगेल? वर्षातून दोनदा ही परीक्षा घेण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला. दुसरी संधी मिळणे चांगलेच, मात्र त्यात दुसरा प्रवास आणि दुसरी प्रश्नपत्रिकाही आली.

यावर उपाय खर्चिक नाही. सर्व सत्रांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची परीक्षा संपताच एकत्र प्रसिद्ध कराव्यात. प्रत्येक परीक्षार्थीला आपापले प्रश्न दाखविलेच जातात, तेव्हा गोपनीयतेची सबब टिकणारी नाही. पहिला आक्षेप विनाशुल्क असावा. आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांनी परीक्षेनंतरच्या आठवड्यात एक दुपार राखून ठेवावी. पोलादपूर आणि महाडच्या खेड्यांतून आलेल्या मुलांनी फळ्यासमोर बसून आपापल्या सत्रातले शंकास्पद प्रश्न मांडावेत, गणिताच्या प्राध्यापकांनी ते सोडवून पाहावेत, आणि चूक आढळली तर महाविद्यालयाने स्वतःच्या नावाने राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाला पत्र लिहावे. ती दुपार मात्र अशी ठेवावी की कुडपणची गाडी सुटण्यापूर्वी काम आटोपेल.