जाम इंजिन आणि दोरीचा झटका

वर्षानुवर्षे उभी राहिलेली जुनी मोटार दिसली, की आपल्याकडील जाणती मंडळी दोनच उपाय सुचवितात. पहिला असा, की ती जीपच्या मागे दोरीने बांधावी, गिअरमध्ये टाकावी आणि वेग येताच क्लच सोडून द्यावा. इंजिन ‘झक मारत’ फिरते. दुसरा असा, की ते जुने धूड उपसून भंगारात द्यावे आणि त्या जागी एखाद्या अलीकडच्या गाडीचे इंजिन बसवावे. या दोन्ही उपायांविरुद्ध आम्हांस आज लिहावयाचे आहे, आणि थोडे कडवटपणेच लिहावयाचे आहे. पहिल्या उपायाने मोडलेली एक मोटार आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. त्याच उपायाच्या तावडीतून दुसरी एक थोडक्यात सुटली, तीही पाहिली आहे.

सुटलेली मोटार बार्देशातील एका घराच्या गोठ्यात उभी होती. मॉरिस मायनर, ९४८ घनसेंटीमीटरच्या इंजिनाची, म्हणजे १९५६ ते १९६२ या काळात बनलेल्यांपैकी. घरचे वडील गेल्यावर सत्तावीस पावसाळे ती जागची हलली नव्हती. मागच्या आसनावर कोंबड्या अंडी घालीत. समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांची ओल यांत लोखंडाचे काय होते हे गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको. हँडल लावले तर ते केसभरही हलेना. जवळच्या एका गॅरेजवाल्याने लगोलग जीप आणि दोरी आणली. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. आदल्याच दिवशी हँडलास हातभर लांब नळी जोडून आम्ही तिघांनी जोर लावून पाहिला होता, आणि त्याची आज लाज वाटते. सुदैवाने म्हापशाचे एक वृद्ध मिस्त्री त्या दिवशी तेथे आले. त्यांनी दोरी सोडावयास लावली आणि म्हणाले, “ताकतीक करूं नाका, बाब. पयलीं पळयात, कितें धरलां तें.”

नेमके काय धरले आहे, हा प्रश्नच दोरीवाल्यांस सुचत नाही. ‘इंजिन जाम’ हे निदान नव्हे, ती केवळ तक्रार आहे. पुष्कळदा इंजिन मोकळेच असते आणि स्टार्टरचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसलेले असते. मॉरिसच्या स्टार्टरच्या मागील टोकास टोपीखाली चौकोनी दांडा ठेवलेला आहे तो याचसाठी. त्यास पाना लावून फिरविले की अडकलेला दाता सुटतो. कधी डायनॅमो किंवा पाण्याचा पंप गंजलेला असतो. पट्टा काढताच ते कळते. हे पाहण्यास अर्धा तास लागतो. आमच्या मॉरिसमध्ये यांपैकी काही नव्हते. म्हणजे दुखणे सिलिंडरच्या आतच होते.

ते तेथे कसे शिरते? चार सिलिंडरांचे इंजिन कोठेही थांबले, तरी एखादा तरी व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्यातून एक्झॉस्टच्या वाटेने दमट हवा आत जाते आणि थंड भिंतीवर दवासारखी साचते. पिस्टनच्या कड्या बिडाच्या, सिलिंडरही बिडाचे. दोहोंवर गंज चढतो, आणि गंज मूळच्या लोखंडाहून अधिक जागा मागतो. कडी आणि भिंत यांमध्ये जागा असते ती तेलाच्या पातळ थरापुरती. तीत गंज भरला की एखादा पिस्टनच साऱ्या इंजिनास धरून ठेवतो. अशा वेळी जीपचा झटका दिला, की चाकांचा सगळा जोर मागच्या आसातून, गिअरपेटीतून आणि क्रँकशाफ्टमधून येऊन त्या एका कनेक्टिंग रॉडवर पडतो. चाके घसरली तर नशीब. नाही तर जे दुर्बळ असेल ते मोडते. आम्ही पाहिलेल्या पहिल्या मोटारीचा आसाचा शाफ्ट तुटला आणि पिस्टन होता तेथेच राहिला.

मिस्त्रींनी चारही प्लग काढले. रॉकरचा दांडा सोडविला, पुशरॉड क्रमाने फळीवर मांडून ठेवले, जेणेकरून सारे व्हॉल्व्ह मिटतील आणि अडकलेल्या व्हॉल्व्हने पुशरॉड वाकणार नाहीत. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिनचे तेल यांचे मिश्रण ओतले. कोणी ॲसिटोन आणि गिअरचे पातळ तेल समभाग घेतात. तेही चालते, मात्र ॲसिटोन भडकन पेटते, म्हणून विडी चार हात दूर. औषधाच्या पाककृतीवरून वाद घालणाऱ्यांचे आम्हांस नवल वाटते. काम करतो तो काळ. (कॉस्टिक सोडा सुचविणाऱ्यास मात्र इंजिनाजवळ फिरकू देऊ नये, तो ॲल्युमिनियमचे पिस्टन खातो.) अकराव्या दिवशी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरातील तेल खाली झिरपले होते, तिसऱ्यातील जसेच्या तसे होते. निदान झाले.

हेड उतरविले. तिसऱ्या सिलिंडरच्या शेजारी गॅस्केट कुजून पाणी आत पाझरले होते. पिस्टनच्या वर तांबूस गंजाचे वळे बसले होते. ते बारीक कागदाने घासून, पुसून काढले, कारण पिस्टन त्यावरूनच वर यावयाचा होता. खालून तेलाची टाकी सोडून त्या रॉडचे मोठे टोक मोकळे केले. तत्क्षणी क्रँकशाफ्ट हाताने फिरू लागला. पाण्याच्या पोकळीत आधी कोमट, मग कढत पाणी घातले. खैराचा ठोकळा पिस्टनवर, मधोमध नव्हे तर कडेशी, ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोके. पाऊण तासाने पिस्टन गव्हाच्या दाण्याएवढा खाली गेला. आम्ही आनंदाने ओरडलो. मिस्त्रींनी आम्हांस गप्प केले आणि तेल घालून तो पुन्हा वर ढकलला. खाली, वर, पुन्हा तेल. संध्याकाळी तो बाहेर आला, दोन कड्या तुटलेल्या.

यावर विरोधकांचा मुद्दा ठाऊक आहे. वेळ कोणास आहे? नवे इंजिन दोन दिवसांत बसते. बसते, यात शंका नाही. पण मग जी उरते तिला वडिलांची मॉरिस कशास म्हणावयाचे? केवळ भावनेचा प्रश्न असता तर आम्ही गप्प बसलो असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली जी सुधारणा झाली, तिच्याप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हीए’ मालिकेतील वेगळी नोंदणी मिळते ती गाडी मूळ रूपात असेल तरच. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झाले की तो हक्क गेला. दोन दिवसांची घाई अशी कायमची महाग पडते.

जुन्या गाड्यांविषयी लोकांस प्रेम नाही असेही नव्हे. वडोदऱ्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जानेवारी २०२३ मध्ये जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला, तो पाहण्यास दूरदूरची माणसे गेली. संस्थानिकांच्या मोटारींस राखणदार मिळतात. गोठ्यातल्या मॉरिसला दोरी मिळते.

सर्वच इंजिने वाचतात असा आमचा दावा नाही. ब्लॉक तडकला असेल, क्रँकशाफ्ट गंजाने खाल्ला असेल, तर धीरही व्यर्थ. तथापि ते उघडून पाहिल्यावर ठरवावे, दोरी ताणून नव्हे. आमच्या तिसऱ्या सिलिंडरास खोल खड्डे पडले होते. तेथे नवी स्लीव्ह घालावी लागली, बाकीच्या तिघांचे होनिंगवर भागले. कड्या आणि गॅस्केट विलायतेहून आली. सोळा लाखांवर मायनर बनल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही तयार होतात.

सुरू करण्यापूर्वी मिस्त्रींनी तेल पूर्ण बदलविले, कारण वरून ओतलेले सारे डिझेल खाली उतरले होते. मग प्लग न लावता हँडलने शंभरेक फेरे दिले, तेलाचा दाब दिसेपर्यंत. त्यानंतर प्लग लावले. चौथ्या हँडलास मॉरिस सुरू झाली, गोठा निळ्या धुराने भरला आणि कोंबड्या कौलांवर गेल्या. दोरीवाले गृहस्थही बघावयास आले होते. त्यांचे म्हणणे अजून तेच आहे, की जीपने हे काम एका दुपारी झाले असते.