गळक्या नळीची जबाबदारी कोणाची? खाणीतील डंपर आणि राजधानी क्षेत्रातील देखरेख

नवी दिल्ली : चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी देशभर लागू झाल्या आणि 1952 च्या खाण कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. सुरक्षेची मानके घोषित करण्याचा अधिकार या संहितेने केंद्र सरकारला दिला आहे. त्यामुळे आजवर कागदोपत्री विखुरलेल्या एका प्रश्नाला हात घालण्याची संधी निर्माण झाली आहे. हा प्रश्न आहे खाणीतील अवजड डंपरमधील बिघाडाचा आणि त्यातून होणाऱ्या इंधन व तेलगळतीचा. बिघाड हा सुरक्षेचा विषय आणि गळती हा पर्यावरणाचा, अशी विभागणी प्रशासनात रूढ आहे. प्रत्यक्षात दोहोंचा उगम बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो.

दिल्लीच्या परिसरात खाणकाम संपले आहे, असा सर्वसाधारण समज आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2009 च्या आदेशांमुळे फरिदाबाद, गुरुग्राम व मेवातच्या अरवली भागातील खाणी बंद झाल्या, हे खरे. परंतु हरियाणातील भिवानी, चरखी दादरी आणि महेंद्रगड हे खाणकामाचे जिल्हेही राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. भिवानीतील डाडम येथे 1 जानेवारी 2022 रोजी दरड कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला आणि वाहने ढिगाऱ्याखाली गाडली गेली. ती दुर्घटना डोंगरउताराची होती, यंत्रांची नव्हती. मात्र राजधानीच्या बांधकामांना दगड पुरवणाऱ्या या पट्ट्यातील शिस्तीचा प्रश्न तिने ऐरणीवर आणला.

डंपरमधील बिघाडाची साखळी साधी असते. हायड्रॉलिक तेलाची किंवा डिझेलची नळी चौकटीवर घासत राहते आणि झिजून तडकते. दाबाखालील तेलाचा फवारा टर्बोचार्जरवर उडतो. भार घेऊन चढ चढताना त्याचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. डिझेल मात्र त्याच्या निम्म्या तापमानालाच ठिणगीवाचून पेट घेऊ शकते. नळी तडकली आणि आग लागली नाही, तर तेल जमिनीत मुरते. म्हणजेच एकाच दोषातून एकदा आग, तर एकदा प्रदूषण संभवते.

लहान गळती दुर्लक्षिली जाते, कारण ती दिसायला क्षुल्लक असते. एका मिलिलिटरमध्ये सुमारे 20 थेंब धरले, तर सेकंदाला एक थेंब या वेगाने दिवसाला चार लिटरहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक तेल वाया जाते. अरवलीतील क्वार्टझाइटसारख्या कठीण खडकात पाणी भेगांमधून वाहते. तेथे उतरलेले तेल मातीत गाळले जाण्याआधीच भूजलापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. या खडकाची सिलिकायुक्त धूळ हवेची गाळणी आणि टाकीची श्वसनझडप तुंबवते, इंजिनाची झीज वाढवते. वापरलेल्या तेलाच्या नमुन्यात सिलिकॉन वाढलेले आढळले, तर धूळ आत शिरत असल्याचे इंजिन निकामी होण्यापूर्वीच कळते.

देखरेखीची स्थिती मात्र विभागलेली आहे. डंपरची सुरक्षितता धनबाद येथे मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या कक्षेत येते. डिझेलच्या मोठ्या साठ्याचा परवाना नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना देते. वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा ठरते आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. हवेची जबाबदारी वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाची आहे. यंत्रणा चार, दफ्तरे चार. गळकी नळी मात्र एकच. ती कोणत्या दफ्तरात नोंदवायची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

राजधानी क्षेत्रात यात हिवाळ्याची भर पडते. हवेची पातळी गंभीर झाली की श्रेणीबद्ध प्रतिसाद कृती आराखड्याच्या तिसऱ्या टप्प्यात खाणी आणि खडी केंद्रे बंद करावी लागतात. उभ्या यंत्रांच्या टाक्यांत बाष्पाचे पाणी साचते, रबरी सील कडक होतात, उंदीर वायरी कुरतडतात. निर्बंध उठताच बुडालेले उत्पन्न भरून काढण्याची घाई सुरू होते आणि ठेकेदार तीच यंत्रे तपासणीविना कामाला लावण्याचा मोह टाळत नाहीत. ही सक्तीची विश्रांती देखभालीसाठी वापरली आणि तपासणीच्या दाखल्याशिवाय डंपर सुरू करण्यास मनाई केली, तर निर्बंधाचा काळ उपयोगी ठरेल.

हा विषय केवळ दिल्लीपुरता नाही. कोल इंडियाने 2021 मध्ये दिलेल्या माहितीनुसार कंपनी वर्षाला 4 लाख किलोलिटरहून अधिक डिझेल वापरते, त्यावर 3,500 कोटी रुपयांहून अधिक खर्च होतो आणि त्यातील 65 ते 75 टक्के डिझेल डंपर पितात. चंद्रपूर आणि वणीच्या खुल्या कोळसा खाणी याच कंपनीच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या आहेत. सार्वजनिक कंपन्यांच्या मोठ्या डंपरवर आग आपोआप ओळखून विझवणारी यंत्रणा, मागचे दृश्य दाखवणारे कॅमेरे आणि जवळ आलेल्या वाहनाचा इशारा देणारी उपकरणे बसवली जात आहेत. डिझेलबरोबर द्रवरूप नैसर्गिक वायू वापरण्याचा प्रयोगही कंपनीने हाती घेतला. मात्र इंधन बदलले तरी हायड्रॉलिक तेल आणि नळ्या कायम राहतात.

नव्या मानकांत म्हणूनच महागड्या उपकरणांआधी काही साध्या गोष्टींना स्थान मिळायला हवे. नळ्या फुटण्याची वाट न पाहता ठरावीक तासांनी बदलणे, उष्ण भागांवर संरक्षक आवरण, टाकी भरताच आपोआप बंद होणारी इंधनतोटी, काँक्रीटच्या फरशीवरच इंधन भरणे आणि साठवण टाकीभोवती तिच्या क्षमतेहून अधिक तेल सामावेल असा बांध, या त्या गोष्टी होत. गळतीची प्रत्येक नोंद सुरक्षा आणि प्रदूषण या दोन्ही यंत्रणांना दिसणे तितकेच आवश्यक आहे.

या सर्वांत निर्णायक ठरतो तो पाळीच्या सुरुवातीला डंपरभोवती फेरी मारणारा चालक. गळकी गाडी बाजूला उभी केल्याबद्दल त्याची मजुरी कापली जाणार असेल, तर तपासणीची नोंदवही नेहमीच निर्दोष दिसेल. चालकाच्या नकाराला कायद्याचे संरक्षण मिळते की नाही, यावरच नव्या संहितेची खाणीतील उपयुक्तता ठरेल.