शेताचें नांव

सातबाराच्या उताऱ्याच्या माथ्यावर भूमापन क्रमांकाजवळ ‘शेताचें स्थानिक नांव’ अशी एक जागा राखलेली असते. कित्येक उताऱ्यांवर ती कोरीच आढळते. खातेदारही आपलें नांव व क्षेत्र तेवढें पाहून कागदाची घडी घालतो. आमच्या मतें ही उपेक्षा आपणांस महाग पडणारी आहे.

रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी घ्या. हिरकणी गवळणीची कथा आख्यायिका म्हणून बाजूस ठेविली, तरी तिचें नांव वाडीस व गडावरील बुरुजास चिकटून राहिलें आहे. सरकारी दप्तरांतला कुलाबा जिल्हा 1981 मध्यें रायगड झाला. वाडी मात्र हिरकणीचीच. शेतांचेंही असेंच आहे. धनी बदलतो, आकडा बदलतो, आणि म्हातारीं माणसें ‘जांभळीखालचें खाचर’ असेंच म्हणत राहतात.

आतां एखाद्या शेताची मालकी मागें शोधूं लागा. सातबारावरील फेरफाराचे आंकडे धरून गांव नमुना 6 पाहावा. तेथें वारस, वाटणी, खरेदी यांचा माग लागतो. त्यामागें 1 एप्रिल 1957 हा कूळ मालक होण्याचा कृषकदिन, आणि त्याहीमागें 1949 चा खोती नष्ट करणारा कायदा. येथवर क्रमांक सोबत करितो. जेथें एकत्रीकरण होऊन गट पडले, तेथें तोही जुना-नवा ताडून पाहावा लागतो. परंतु पैमाशीपूर्वींच्या मोडी कागदांत क्रमांक कोठून असणार? तेथें शेत ओळखावयाचें तें नांवानें आणि चतुःसीमेनें. नांव विसरलें कीं घरांतला अस्सल कागदही मुका होतो.

नांव कधीं सावधही करितें. ‘देवाचें शेत’ म्हणून ओळखली जाणारी जमीन कोणी विकावयास काढली, तर इसार देण्यापूर्वीं गांव नमुना 3, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, अवश्य उघडावी. देवस्थान इनाम परवानगीवांचून विकतां येत नाहीं. नुसतें नांव हा पुरावा नव्हे, हें खरें. पण कोठें शोधावें हें तें सांगतें, आणि परगांवच्या खरेदीदारास तें कोण सांगणार?

इंग्लंडांत चर्चला द्यावयाचा धान्याचा दशांश रोख रकमेंत बदलण्यासाठीं 1836 मध्यें कायदा झाला. त्या कामीं केलेल्या नकाशांच्या याद्यांत मालक, कसणारा व क्षेत्र यांजबरोबर शेताचें नांवही बहुधा नोंदलें गेलें. तेथील शोधकास त्यामुळें मोठा आधार मिळतो. आपल्याकडे जागा छापलेली आहे, भरणारा नाहीं!

तलाठ्यावर सर्व भार टाकूं नये. घरांतील वडील मंडळी हिंडतीं-फिरतीं आहेत तोंवर त्यांस बांधावर न्यावें. प्रत्येक खाचराचें व वरकसाचें नांव, शेजारी आणि हिस्सा क्रमांक एका वहींत लिहून घ्यावा. मुंबईस असलेल्या भाऊबंदांसही एक प्रत पाठवावी. वाटणीचा प्रश्न निघाला कीं पहिला वाद त्यांच्याशींच होतो.