बाणाईचा प्रश्न

परदेशांतून आलेला विद्यार्थी आमचे सण व तीर्थें पाहूं लागला, म्हणजे आम्हां सुशिक्षितांची मोठी धांदल उडते. त्यास गीतेचें इंग्रजी भाषांतर द्यावें, वेरूळचीं लेणीं दाखवावीं, गणेशोत्सवांत घरीं बोलावून मोदक वाढावे, एवढ्यानें आमचें आतिथ्य पुरें होतें. तो 'मी जेजुरीस जातों' म्हणाला, तर मात्र आमचा चेहरा उतरतो. "तेथें काय पाहणार? सारा अडाण्यांचा बाजार!"

ही लाज कशाची? गुंथर सोन्थायमर हे जर्मन गृहस्थ शिक्षणासाठीं पुण्यास आले आणि पुढें धनगरांत हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनीं ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ सालीं निघाला. सोमवती अमावास्येस खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेच्या स्नानास निघते आणि माणसें, पायऱ्या, दीपमाळा, सारें भंडाऱ्यानें पिवळें होऊन जातें. (कपडे डागाळतात, हा आमच्या मंडळींचा आक्षेप मात्र अगदीं खरा!) त्या गर्दींत देवाचा संसारही दिसतो : म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. पेठ आणि माळरान यांची सोयरीक ज्या कथेनें जुळविली, ती आमच्या पदवीधरांस गांवढळ वाटते.

कोणी म्हणेल, हे परकीय आमच्या धर्माचें रानवट अंगच जगास दाखवितात. सोन्थायमरांना हा आक्षेप लागू नाहीं. शास्त्रपरंपरा, संन्यास, आदिवासींचा धर्म, लोकधर्म आणि भक्ति असे हिंदुधर्माचे पांच घटक त्यांनीं मांडले, आणि त्यांच्या परस्पर देवघेवीवरच भर दिला. एक अंग दाखवून चार झांकण्याचा उद्योग आमचा आहे!

याहून वाईट ते, ज्यांना गोऱ्या माणसानें थोर म्हटल्यावांचून वारी थोर वाटत नाहीं. विठ्ठलाचें मूळ गवळी-धनगरांच्या दैवतांत शोधणारा रा. चिं. ढेरे यांचा ग्रंथ १९८४ सालींच, आणि तोही मराठींत, प्रसिद्ध झाला. आमच्यांपैकीं किती घरांत तो उघडला गेला?

पुढचा विद्यार्थी बाणाईविषयीं विचारील, तेव्हां त्याच्या हातीं गीता ठेवून सुटका करून घेऊं नये. उत्तर येत नसेल तर सरळ त्याच्यासवें कऱ्हेपर्यंत चालत जावें. अंगावर जुने कपडे असले म्हणजे झालें.