बोलण्याची सक्ती, संरक्षणाची उधारी

शासकीय अनुदान वा कंत्राट यांतील अपहार नजरेस आल्यास तो कळविणे प्रत्येक शासकीय कर्मचाऱ्यावर बंधनकारक असावे, ही मागणी तत्त्वतः रास्तच आहे. सार्वजनिक पैसा ही कोणा मंत्र्याची वा कंत्राटदाराची मालमत्ता नव्हे. साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या शेतमजुराचाही त्यात वाटा असतो.

परंतु ही सक्ती नवी आहे, हा समज चुकीचा होय. लोकसेवकाने केलेल्या फौजदारीपात्र न्यासभंगाची माहिती देणे हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ नुसार प्रत्येक व्यक्तीचे कर्तव्य होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्येही ते कायम आहे. तरीही कर्मचारी मौन पाळतात. कारण बोलणाऱ्याचे काय होते, हे त्यांनी पाहिलेले असते.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील तरुण अभियंते सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोण योजनेतील गैरव्यवहार २००२ साली पंतप्रधान कार्यालयास कळविला. आपले नाव गुप्त राखावे, अशी त्यांची विनंती होती. ते पत्र नावासह टेबलाटेबलांवरून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. केंद्रीय अन्वेषण विभागाने तो लुटीचा प्रकार ठरविला व २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली. खुनामागील हेतू कोणताही असो, शासनाने त्यांचा विश्वासघात केला तो त्यापूर्वीच.

पुढे २००४ मध्ये शासकीय ठरावाने अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविण्यात आल्या. २०१४ मध्ये संसदेने तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदाही संमत केला. तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. राष्ट्रपतींची संमती मिळून दशक उलटले. तो लागू करणारी अधिसूचना मात्र निघालेली नाही.

अशा स्थितीत नुसती सक्ती आल्यास तिचा भार कोणावर पडेल? टक्केवारी वरपर्यंत पोहोचते; मोजमाप पुस्तकावरील सही मात्र कनिष्ठ अभियंत्याची असते. चौकशी निघताच ‘ठाऊक असून कळविले का नाही?’ हा प्रश्न प्रथम त्यालाच विचारला जाईल. कळविले असते, तर बदलीचा हुकूमही त्याच्याच हाती पडला असता. वरचे दोन्ही वेळा सहीसलामत सुटतील.

म्हणून क्रम उलटा हवा: आधी संरक्षण, मग सक्ती, आणि आलेल्या तक्रारीवर मुदतीत निर्णय न देणाऱ्या वरिष्ठासही तीच शिक्षा. मात्र संरक्षणाचा अभाव ही वाटेकऱ्यांची ढाल होता कामा नये. वेतनश्रेणी व महागाई भत्त्यासाठी जिद्दीने लढणाऱ्या कर्मचारी संघटनांनी २०१४ च्या कायद्याची अंमलबजावणी ही आपली मागणी केली पाहिजे. एकटा बोलणारा चिरडता येतो. संघटनेच्या बळावर बोलणाऱ्यांना चिरडणे तितके सोपे नसते.