गडी मोजायचा आकडा

परवा रात्री एका भावाचा फोन. "दादा, माझं टेस्टोस्टेरॉन कमी आलंय. कुणाला बोलू नको." राहतो इथंच बावड्यात, दोन गल्ल्या सोडून. पण हे सांगायला त्याला फोन लागला! (त्याला विचारूनच लिहितोय. चुलत, मावस, आते धरून आम्ही सतरा भाऊ आहोत, तेव्हा नातेवाईक मंडळींनी अंदाज बांधत बसू नये.)

लग्नाला तीन वर्षं झाली, मूल हवंय. थकवा येतो म्हणून कुठल्याशा पॅकेजमध्ये रक्त तपासलं. रात्रपाळी करून, झोप न काढता, दुपारी चार वाजता! हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दुपारपर्यंत उतरतं. म्हणून सकाळीच, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं असतं. पण रिपोर्टावर लाल अक्षरात आकडा आला आणि जिममधल्या एकानं इंजेक्शन सुचवलं. "घे, गडी होशील."

माझा राग इथं आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो वृषणांना हुकूम देणं थांबवतो आणि शुक्रजंतू बनायचे कमी होतात, कधीकधी पार शून्यावर येतात. बंद केल्यावर परत यायला महिनोन् महिने लागतात. म्हणजे बाप व्हायला निघालेल्या माणसाला पुरुषार्थाच्या नावाखाली गर्भनिरोधक! हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, हे नवीन फॅड आहे. अजिबात नाही. 1889 साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या 72 वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञानं कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि ताकद परत आली म्हणून जाहीर केलं. त्या पाण्यातल्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतंच. ताकद आली ती विश्वासाची.

आपल्याकडं काय वेगळं? तालमीत 'लंगोटाचा पक्का' राहायचं, थेंब सांभाळायचा, वर गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध. तांबड्या मातीबद्दल मला प्रेमच आहे, शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय विसरणारा मी कोल्हापूरकर नव्हे. पण त्या मातीबरोबर एक भीतीही पोरांच्या अंगाला चिकटली. 'धात जाते' म्हणून खंगत बसलेल्या पोरांसाठी डॉ. विग यांनी 1960 साली 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. र. धों. कर्वे तर त्याच्याही आधी 'समाजस्वास्थ्य'मधून वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. त्या उत्तरांपायी 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी खटला हरले. खरं सांगणाऱ्याला दंड आणि भिंतीवर जाहिराती रंगवणारे 'गुप्तरोग तज्ज्ञ' मोकळे! अशा जाहिरातींविरुद्ध 1954 पासून कायदा आहे म्हणे. एस.टी.च्या खिडकीतून बघा जरा.

तेव्हा थेंब मोजायचे, आता नॅनोग्रॅम. भीती तीच.

आजार खरा असतो, हे मान्य. गालगुंड वृषणांत उतरल्यावर, पिट्युटरीत गाठ असेल तर, किंवा जन्मतः गुणसूत्रात फरक असेल तर उपचार लागतातच आणि त्यानं आयुष्य सुधारतं. त्यात लाज कसली? पण वाढलेलं पोट, साखर आणि झोपेची बोंब यांनीही हा आकडा उतरतो. रात्रपाळीनं दमलेल्या माणसाला "दमलोय" म्हणायची सोय नाही, म्हणून त्याला "हार्मोन कमी" म्हणावं लागतं. रडायचं नाही, थकायचं नाही, हे आपणच शिकवलं ना? मीही त्याला लहानपणी "बाईसारखा रडतोस काय" म्हटलंय. चांगलं आठवतंय.

असो. सुट्टी घेऊन दोन रात्री नीट झोपून तो सोमवारी सकाळी आठला पुन्हा रक्त द्यायला जाणार आहे, नंतर हार्मोनच्या डॉक्टरांकडे. मी बरोबर जातोय. घरी साखर तपासायची म्हणून सांगितलंय. बायकोला मात्र त्यानं खरं काय ते सांगितलं.